मापाची काठी

दत्तूजी मिस्त्रींना पाहण्याआधी मी त्यांची फळी पाहिली. इंदुरात बडा गणपतीच्या देवळामागच्या बोळातून भाड्याची खोली शोधत चाललो होतो. एका भिंतीतल्या हातभर खिडकीतून सागाची लांब फळी बाहेर आली होती आणि तिच्यावर एक लुगडं, दोन झबली आणि एक पंचा वाळत होता. मी जवळ गेलो तशी ती फळी चार बोटं पुढं सरकली, थांबली आणि मागं गेली. कपडेही तिच्याबरोबर पुढं-मागं झाले. ओट्यावर गहू निवडत बसलेली बाई मान वर न करता म्हणाली, "दत्तूजी, जरा धीरे चलाव. म्हारो लुगड़ो पड़ी जायगो."

आतून आवाज आला, "नाही पडणार, भूरीबाई. तुमच्या लुगड्याची फिकर मला तुमच्यापेक्षा जास्त आहे."

वळसा घालून मी पुढच्या बाजूला गेलो. दोन घरांच्या मधल्या फटीवर पत्रा टाकून केलेली ती जागा होती. रुंदी साडेतीन हात, लांबी फार तर सहा हात. साठीच्या आसपासचा एक बारीक माणूस जमिनीवर बसून, दोन्ही पावलांत फळी धरून रंधा मारत होता. फळीचं एक टोक मागच्या खिडकीतून भूरीबाईच्या अंगणात आणि दुसरं पुढच्या दारातून रस्त्यावर. येणारे-जाणारे ते टोक ओलांडून जात होते आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. करवत, वाकस, पटाश्या, गिरमिट असं सगळं भिंतींवर अशा बेतानं टांगलेलं होतं, की दत्तूजींना कुठल्याही हत्यारासाठी उठावं लागू नये. उठायला तिथं जागाही नव्हती. "दुकान म्हणजे पेटी आहे, बाबूजी," ते म्हणाले. "मी तिच्यातलं एक औजार. बाहेर उभं राहून बोला."

मी मूळचा तराण्याचा. वडील तहसिलीत शिपाई होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं. गुरुजींच्या आणि गावातल्या दोन-तीन कुटुंबांच्या आधारानं मी इंदूरला येऊन बी. ए. झालो आणि मध्यभारत सरकारच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. त्या काळी राजधानी उन्हाळ्यात ग्वाल्हेरहून इंदुराला येई. साहेब, बाबू, चपराशी आणि त्यांची बिऱ्हाडं आली की शहरात खोली मिळणं मुश्किल होई. मला मल्हारगंजात एक खोली मिळाली ती याच धांदलीत, तळमजल्याची, जोतं जवळजवळ नसलेली. पावसाळ्यात तिची जमीन पाझरायची. पहिल्या वर्षी अंथरुणाखाली दोनदा विंचू निघाला. तेव्हा मी आणि माझी पत्नी कुसुम दोघंच होतो, आम्ही ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या वर्षी कुसुम देवासला माहेरी बाळंत झाली, मुलगी झाली. तिला आणायचा दिवस ठरला आणि मला विंचू स्वप्नात दिसू लागले.

खोलीचं छत मात्र उंच होतं. पूर्वीच्या कुणी भाडेकरूनं माळा घातला असावा, कारण दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर तुळई बसवायची भोकं होती. मागच्या भिंतीला दगडी पट्टी होती, फळ्यांचं मागचं टोक तिच्यावर टेकलं असतं. घरमालक म्हणाले, माळा घाला, पण भिंतीला नवं भोक पडता कामा नये. कुसुम आणि बाळ जमिनीपासून वर, कोरड्या लाकडावर झोपणार, या एका विचारानं मी दत्तूजींकडं गेलो.

दत्तूजींचे वडील आणि ते स्वतः होळकरांच्या बग्गीखान्यात चाकं आणि घोडा जुंपायचे दांडे घडवायचे. संस्थान विलीन झालं, बग्ग्या गेल्या आणि दत्तूजी आपली हत्यारं घेऊन या फटीत येऊन बसले. पण बग्गीखान्यातली एक गोष्ट त्यांच्याबरोबर आली होती, ती म्हणजे काळजी. "चाक बनवणाऱ्याला बग्गी परत येईपर्यंत पाणी गोड लागत नाही," असं ते म्हणत. वडिलांबरोबर ते रोज फाटकाशी उभे राहून परतणाऱ्या बग्ग्यांची चाकं ऐकत असत. आता बग्ग्या नव्हत्या, तर ते दारं ऐकत. कुणाकडं दार बसवलं, कपाट केलं, की आठव्या दिवशी दत्तूजी त्या घरी हजर. "काही बोलतं का दार?" असं विचारीत. दार कुरकुरत नाही असं सांगितलं तरी समाधान नाही. चौकटीला कान लावून दहा वेळा उघडझाप करीत. लोक हसायचे. कुणी म्हणायचं, "दत्तूजी, मुलगी दिल्यासारखं काय करता?" ते म्हणत, "मुलीला सासरी बोलता तरी येतं. फिकर करणं हे पण कामच आहे, भिया."

माप घ्यायला ते माझ्या खोलीवर आले तेव्हा त्यांच्याकडं ना फूटपट्टी होती ना फीत. दोन सडपातळ काठ्या होत्या. त्या एकीवर एक धरून त्यांनी लांबवल्या. एकीचं टोक डाव्या भोकाच्या तळाला, दुसरीचं उजव्या भोकाच्या तळाला टेकलं, तेव्हा जोडावर बोटानं चिमटा धरून त्यांनी खूण केली. मग तिसऱ्या, अखंड काठीवर ते माप उतरवून पटाशीनं खाचा पाडल्या. सगळं झाल्यावर म्हणाले, "घरातली एक चिंधी द्या." मी कुसुमच्या जुन्या साडीच्या हिरव्या किनारीची पट्टी दिली. ती त्यांनी काठीच्या टोकाला बांधली. त्यांच्या दुकानाच्या पत्र्याखाली अशा तीस-चाळीस काठ्या आडव्या बांधून ठेवलेल्या होत्या, लांब काठ्यांची टोकं बाहेर डोकावत. प्रत्येक घराची एक काठी आणि प्रत्येकीला त्या घरची चिंधी. आकडा एकीवरही नाही.

मी आपल्या शिक्षणाला जागून म्हटलं, "दत्तूजी, फूट-इंचात लिहून ठेवलं तर सोपं नाही का?"

"आकडा तोंडानं बोलतो, बाबूजी. जो तोंडानं बोलतो तो चुकतो. काठी मुकी आहे. जेवढी आहे तेवढीच राहते."

तुळईचं लाकूड पोलोग्राउंडकडच्या एका वखारीत पसंत केलं होतं. इतकं लांब आणि जाड लाकूड दत्तूजींच्या दुकानात कापता येण्यासारखं नव्हतं. वखारीतल्या आरामशीनवर, म्हणजे यंत्राच्या करवतीवर, ते मापात कापून, हातगाडीवरून थेट खोलीवर आणायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात दत्तूजींना ताप भरला. हुडहुडीचा, एक दिवसाआड येणारा. कुसुमला आणायला आठ दिवस राहिले होते. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते दुकानातच गोधडी पांघरून पडलेले, पाय दाराबाहेर. मला पाहताच म्हणाले, "काठी घेऊन जा. तिथं स्वतः उभे राहा. काठी लाकडावर ठेवून कापायला सांगा. उभी धरा, आडवी धरा, पण काठीच न्या. कागद नेऊ नका."

मी काठी घेतली, बोळाबोळातून खोलीवर आणली आणि तिथं थांबलो.

ही गोष्ट मी पुढं फार वर्षं कुणाला सांगितली नाही. सकाळची वेळ होती. पोलोग्राउंडला जायचं म्हणजे ज्या रस्त्यानं आमच्या कचेरीतले बाबू सायकलीवरून येतात, त्याच रस्त्यानं मला साडेअकरा फुटांची काठी खांद्यावर घेऊन जावं लागणार होतं. टोकाला बायकोच्या साडीची किनार. मी इस्तरीचा शर्ट घातला होता. माझे आजोबा फौजेत होते, ते खांद्यावर भाला घेऊन चालले असतील. वडिलांनी खांद्यावर साहेबांच्या फायली आणि ट्रंका वाहिल्या. माझ्या खांद्यावर काही येऊ नये म्हणून तर त्यांनी मला शिकवलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट एवढीच की मला लाज वाटली.

कचेरीतून मी कापडी फीत मागून आणलेली होती. तिच्या पितळी डबीवर सरकारी शिक्का होता. मी काठी जमिनीवर ठेवली, दोन खाचांमधलं अंतर तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच आलं. ते एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून खिशात घातलं आणि मोकळ्या हातांनी वखारीत गेलो. त्या फितीनं दहा-बारा वर्षं उन्हापावसात जमिनी मोजलेल्या होत्या आणि ती ओढली जाऊन लांबली होती, हे मला ठाऊक नव्हतं. लांबलेली फीत कमी मोजते. वखारवाल्यानं माझ्या कागदाबरहुकूम लाकूड कापलं. त्याची काही चूक नव्हती.

ताप उतरल्यावर तिसऱ्या दिवशी दत्तूजी आले. गालफडं बसलेली, पण हातात वाकस. आम्ही दोघांनी आणि हातगाडीवाल्यानं मिळून तुळई भोकांत चढवली. ती बसली. मला हायसं वाटलं. दत्तूजी मात्र शिडीवर चढून उजव्या भोकात बोट घालून थांबले. मग उतरले, शिडी सरकवली, डाव्या भोकात बोट घातलं.

"दोन बोटं कमी आहे. भिंतीत पुरती टेकत नाही," ते म्हणाले.

मी शिडीचा पाय सरळ करू लागलो.

"काठी नेली होती ना?"

"हो."

"लाकडावर ठेवून कापलं?"

"हो. मी स्वतः उभा होतो."

"काठी कुठं आहे?"

"तिथंच राहिली. मी नंतर विचारलं, तर म्हणाले कुणीतरी सरपणात घातली."

एका खोटेपणाला दुसरा टेकू लागतो, दुसऱ्याला तिसरा. काठी त्या वेळी घरमालकांच्या सरपणामागं, मागच्या बोळात होती. मला वाटलं होतं, दत्तूजी वखारीत जाऊन विचारतील, भांडतील. ते मान हलवून म्हणाले, "नाही. तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही उभे होतात म्हणजे कापणाऱ्याची गलती नाही." आणि तुळई उतरवून, दोन काठ्या घेऊन त्यांनी खोलीचं माप पुन्हा घेतलं. तुळईशी लावून पाहिलं. पुन्हा घेतलं. मग जमिनीवर बसले आणि आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिले.

"त्या दिवशी अंगात ताप असणार," ते हळूच म्हणाले. "खाच चुकली. माझी खाच कधी चुकली नव्हती."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी आधीच विचारलं, "बहूला कधी आणताय?" मी म्हटलं, "परवा." ते उठले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते हातगाडीवर दोन जुने दांडे घेऊन आले. काळपट, गुळगुळीत, बुडाशी पितळेची पट्टी. वडिलांच्या देखरेखीखाली त्यांनी स्वतः घडवलेल्या पहिल्या बग्गीचे ते दांडे होते. बग्गी मोडीत निघाली तेव्हा तेवढे त्यांनी मागून घेतले होते आणि दुकानात दाराच्या दोन्ही बाजूंना उभे केले होते. आता त्यांनी ते तुळईच्या दोन टोकांखाली, भिंतीला लागून खांब म्हणून उभे केले, बुडाशी पाचरी मारल्या, वर खाच पाडून तुळई त्यांत बसवली. "चूक माझी, तर टेकू पण माझा," ते म्हणाले. मग फळ्या टाकल्या आणि माळ्यावर चढून नाचावं तसे पाय आपटले. "आता हत्तीण बाळंतीण झोपवा."

कुसुम आली. माळा पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीला कुशीत घेऊन ती वर निजली आणि मी खाली पाझरत्या जमिनीवर खाटेवर पडून वरच्या तुळईकडं बघत राहिलो. खांबांनी ती पक्की धरली होती, हे मला कळत होतं. तरी मूल रडलं, कुसुमनं कूस बदलली, फळी जराशी वाजली, की मी उठून खांबाला हात लावून बघे. आणि आता काठीचं काय करायचं हा घोर होता. खोलीचं माप असलेली काठी त्याच खोलीत लपवता येत नाही. भिंतीतल्या भोकांचं माप धरून ती खोलीच्या रुंदीपेक्षा वीतभर लांब होती. शेवटी सरपण संपत आलं तशी मी ती माळ्यावर नेऊन तिरपी, गादीच्या कडेखाली सरकवली. कुसुमनं विचारलं, "ही कसली काठी? आणि माझ्या साडीची किनार हिला कशी?" मी म्हटलं, "कपडे वाळत घालायला आणली." ती म्हणाली, "एवढी लांब? अख्ख्या शाळेचे कपडे वाळवायचेत का?"

आठव्या दिवशी दत्तूजी आले. छातीला कान लावावा तसा त्यांनी खांबाला कान लावला. मग शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढून तुळईवरून हात फिरवला. आणखी एक पायरी चढले असते तर हिरवी किनार त्यांना दिसली असती. पण वर बाळंतिणीचं अंथरूण आहे म्हणून त्यांनी डोकं माळ्याच्या वर नेलं नाही. तिथूनच विचारलं, "बहू, काही बोलतं का?" कुसुम म्हणाली, "नाही हो दत्तूजी. तुमची नात तेवढी बोलते."

मग चहा झाला. आणि तेव्हा मी पाहिलं. दत्तूजींची चहा पिण्याची एक रीत होती. डाव्या हातात कप, आणि उजव्या हाताची बोटं सतत जवळच्या कुठल्यातरी लाकडावरून फिरत असत. त्या दिवशी त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. लहान मूल धरतं तसा, घट्ट. मला वाटलं, अशक्तपणा असेल.

पण तो अशक्तपणा नव्हता. पुढच्या पंधरवड्यात ते आले तेव्हाही दोन्ही हात. त्यांच्या दुकानावरून जाताना दिसले तेव्हाही दोन्ही हात. हातावरचा त्यांचा भरवसाच उडाला होता. आणि एक दिवस बोळातून जाताना मला खिडकी बंद दिसली. भूरीबाई ओट्यावर कपडे पसरत होती, चिडलेली.

"फळी कुठं गेली?" मी विचारलं.

"कई की फळी," ती म्हणाली. "दत्तूजी ने बड़ो काम लेणो छोड़ी दियो. अब तो पाटला ने बेलण बणावे हे. म्हारा लुगड़ा कां सुखाऊं?"

मी पुढं गेलो. दत्तूजी खरोखरच पोळपाट घासत बसले होते. त्यांच्यासमोर पागोटं घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांना दुमजली घराचा जिना करून हवा होता आणि तो दत्तूजींकडूनच हवा होता. दत्तूजी म्हणत होते, "दुसरा मिस्त्री बघा, मालक. जिन्यावर माणसं चढतात, लेकरं चढतात. माझा हात आता मोठ्या कामाचा राहिला नाही."

"अहो, पण माझ्या बापाच्या घराचं दार तुम्हीच केलंय. अजून हू की चू नाही त्याचं."

"तेव्हा हात बराबर होता."

गृहस्थ हळहळत गेले. दत्तूजींनी मला पाहिलं आणि विचारलं, "माळा काही बोलतो का?" रोज हेच विचारत. मी नाही म्हटलं आणि घाईनं निघालो. तीन महिने झाले होते. तीन महिने त्या माणसाला आपल्याच हाताची भीती वाटत होती. त्यांना पुढं कोण पोसणार, ही काळजी मला आता पहिल्यांदा वाटली. मुलगी उज्जैनला दिलेली. दुसरं कुणी नाही. पोळपाट-लाटण्यावर म्हातारा माणूस किती दिवस काढणार. माझ्या घरात माझं बाळ कोरड्यात निजत होतं ते त्यांच्या बग्गीच्या दांड्यांवर, आणि ते दांडे ज्या चुकीची भरपाई होते ती चूक त्यांची नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुसुमला सगळं सांगितलं. ती शिडी चढली. मग माळ्यावरून काठी ओढून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आत्ता जा. कचेरीच्या वेळेला जा."

मी गेलो. कचेरीत परत न केलेली फीत खिशात, काठी खांद्यावर, टोकाला हिरवी किनार. मल्हारगंजाच्या रस्त्यावर बाबूंच्या सायकलींची रांग लागलेली. आमच्या कचेरीतल्या एकानं घंटी वाजवून विचारलं, "क्यों भिया, पतंग लूटने चले?" त्याच्याबरोबरचे हसले. पण खरं सांगतो, त्या काठीचं वजन काहीच नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी मला ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

दत्तूजींनी आधी किनार ओळखली. मग काठी हातात घेतली आणि डोळे मिटून खाचांवरून अंगठा फिरवला.

"कुठं होती?"

"माझ्याकडे."

"वखारीत?"

"नेलीच नाही. कागदावर लिहून नेलं."

"का?"

"लाज वाटली," मी म्हटलं. "काठी घेऊन रस्त्यानं जायची."

मी फीत काढून पुढं केली. त्यांनी ती काठीवर अंथरली. मग त्यांच्या ओळखीच्या एका दुकानदाराकडून मापाचा लोखंडी गज मागवला आणि फीत, काठी, गज असं तिन्ही शेजारी ठेवून पाहिलं. फीत दोन बोटं खोटी होती. ते फितीकडं बघत राहिले. मी उभा होतो. दारात आत यायला जागा नव्हती म्हणून उन्हात उभा होतो, आणि बसायला सांगितलं असतं तरी बसवलं नसतं.

"म्हणजे हात बराबर होता," ते म्हणाले.

"हो."

"तीन महिने मी चाय दोन हातांनी पितो आहे. पाहिलंत तुम्ही?"

"हो."

"पाहत होतात, आणि आपला कप संपवत होतात."

ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी फीत नीट गुंडाळून डबीत घातली आणि माझ्या हातात दिली. "सरकारची चीज आहे, जपून न्या," ते म्हणाले. "आणि जा आता. कचेरीला उशीर होईल."

मी म्हटलं, दांडे परत आणतो, नवी तुळई घालतो. त्यांनी फक्त हातानं 'जा' अशी खूण केली.

पंधरा-वीस दिवस ते आमच्याकडं आले नाहीत. मी रोज वाट वाकडी करून बोळातून जायचो आणि खिडकी बंद दिसली की पुढं सरकायचो. कचेरीत मी ती फीत बाद करवली, त्यासाठी तीन अर्ज लिहिले. साहेबांनी विचारलं की खोटी आहे हे कसं कळलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. ते हसले. मला हसू आलं नाही. मग एका सकाळी खिडकीतून फळी बाहेर आलेली दिसली. जाड, रुंद फळी, जिन्याच्या बाजूची. तिच्यावर भूरीबाईची दोन लुगडी होती आणि ती चार बोटं पुढं, चार बोटं मागं होत होती. मी तिथंच उभा राहिलो. भूरीबाई म्हणाली, "कई देखो, बाबूजी? लुगड़ो कोनी देख्यो कदी?"

त्याच रविवारी दत्तूजी घरी आले. खांबाला कान लावला. कुसुमनं चहा दिला. त्यांनी कप डाव्या हातात घेतला, उजव्या हाताची बोटं बग्गीच्या दांड्यावरून फिरवली, आणि चहाचा पहिला घोट घेताना माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही. एवढं झाल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी लाज वाटली तर काठी आडवी धरत जा, बी. ए. भिया. उभी धरली की अख्ख्या इंदूरला दिसते." त्या प्रकरणावर ते एवढंच बोलले. कुसुमसमोर नाही, भूरीबाईसमोर नाही, त्या फसलेल्या तुळईचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा आम्ही चहाला बसलो, तेव्हा पहिला घोट घेताना ते माझ्याकडं बघत. हात एकच.

दोन-तीन वर्षांत मध्यभारत संपलं, नवा प्रांत झाला आणि आमची कचेरी भोपाळला गेली. जाण्याआधी मी दोन साधे खांब करवून घेतले आणि बग्गीचे दांडे हातगाडीवरून दत्तूजींच्या दुकानी पोचवले. हातगाडीच्या पुढं मी चालत होतो. त्यांनी ते पुन्हा दाराच्या दोन्ही बाजूंना उभे केले. मी काठी मागितली तर त्यांनी दिली नाही. "ही घराची आहे, तुमची नाही," म्हणाले. "उद्या त्या खोलीत दुसरं कुणी राहील. त्याला माळा लागेल."

भोपाळच्या सरकारी घरात दारं कुरकुरायची आणि आठव्या दिवशी विचारायला कुणी यायचं नाही. दत्तूजी गेल्याचं मला घरमालकांच्या पत्रातून कळलं, जाऊन महिना झाल्यावर. पण त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटलो होतो आणि मला ते तसेच आठवतात.

कामासाठी इंदूरला गेलो होतो. खिडकीतून फळी नव्हती. ते दुकानात दांड्याला टेकून बसले होते, हत्यारं भिंतीवर जागच्या जागी होती. पत्र्याखालच्या काठ्यांत हिरवी किनार, विटलेली, मला लगेच दिसली. त्यांचे हात आता खरंच कापत होते. मांडीवर ठेवले तरी कापत होते. मी कोपऱ्यावरून चहा आणला. कप पुढं केला तेव्हा मला वाटलं, दोन्ही हातांनी धरतील, धरायलाच हवा होता. त्यांनी डावा हात पुढं केला. कप बशीवर खडखडला, चहा हिंदकळून धोतरावर सांडला, भुश्यावर सांडला. मी आधार द्यायला हात नेला.

"राहू द्या," ते म्हणाले. "बराबर आहे."

आणि उरलेल्या चहाचा घोट घेताना, एका हातानं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं.